मुलगी कॉन्सर्टमध्ये फोन खाली ठेवत नाही. तिच्यासोबत पुन्हा जावे का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक पन्नाशीतले गृहस्थ असून संगीत ऐकणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या आवडत्या बँडच्या कॉन्सर्टला त्यांना आग्रहाने नेले. तिथे ती एकामागून एक गाणी फोनवर चित्रित करत राहिली आणि ते तिच्याकडे पाहून आतल्या आत चिडत राहिले. समोरच्या रांगेतील एक तरुण फोन डोक्याच्या वर धरून उभा होता. बराच वेळ धीर धरल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि आसपासच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, 'आम्ही तुमचा फोन बघायला आलेलो नाही,' असे सुनावले. शब्दाने शब्द वाढला. मुलगी उरलेला कार्यक्रमभर आणि घरी येईपर्यंत गप्प होती. आता पुढच्या महिन्यातील एका गायिकेच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे तिने काढली आहेत, मात्र अट घातली आहे: 'बाबा, यायचे असेल तर मला काही बोलायचे नाही आणि इतर कुणालाही नाही.' वडील विचारतात की, ही पिढी कोणतीही गोष्ट अनुभवण्याआधीच साठवायला धावते, हे तिला कसे पटवून द्यावे? आणि अशा अटीवर जावे का?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे योग्य होईल, कारण ते सोपे आहे: जरूर जा. एवढे सगळे घडूनही मुलीने दुसरे तिकीट तुमच्यासाठी काढले, याचा अर्थ तिला तुमची सोबत हवी आहे. तिची अट कठोर वाटत असली, तरी त्या संध्याकाळी तिला कशाचा त्रास झाला हे तिने त्या एका वाक्यात स्वच्छ सांगितले आहे, आणि पुढचे सगळे बोलणे तिथूनच सुरू करता येईल.

पहिला प्रश्न मात्र तुम्ही ज्या रीतीने विचारला आहे त्या रीतीने मला त्याचे उत्तर देता येणार नाही, कारण त्यात दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. मुलगी चित्रीकरण करत होती आणि त्यामुळे तिच्या हातून काही निसटत होते, ही एक तक्रार. समोरच्या तरुणाच्या उंच धरलेल्या फोनमुळे तुम्हाला रंगमंच दिसत नव्हता, ही दुसरी. हातात फोन धरणाऱ्याचे स्वतःचे काय होते, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तिथे फार तर विचार मांडता येतो. त्या फोनचा शेजारच्याला काय त्रास होतो, हा सर्वांचा प्रश्न आहे आणि तिथे नियमाची अपेक्षा ठेवता येते. त्या संध्याकाळी पहिल्या तक्रारीचा राग दुसऱ्या तक्रारीवर, म्हणजे मुलीवरचा राग त्या तरुणावर निघाला नाही ना, हे तुम्ही स्वतःला एकदा शांतपणे विचारून पाहावे.

मुलगी 'ऐकतच नव्हती' असे तुम्ही ठामपणे लिहिले आहे. पण त्याच पत्रात, जाता जाता, तुम्ही असेही लिहिले आहे की ती आजही रात्री हेडफोन लावून त्याच क्लिप पुन्हा पुन्हा पाहत बसते. माझ्या दृष्टीने हे तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. चित्रित केलेले पुन्हा कधी उघडूनही न पाहणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांच्याविषयी तुमची तक्रार मान्य करता आली असती. तुमची मुलगी त्यांच्यातली नाही. त्या क्लिप तिला कशासाठी हव्या असतात, त्यात ती नेमके काय ऐकते, हे तुम्ही तिला अजून विचारलेले दिसत नाही. संगीतावर जीव असलेल्या बापलेकींत हा प्रश्न अगदी सहज निघू शकतो, आणि तो निघाला की अर्धे काम झाले.

तुमच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मात्र मुळीच नाही. फोटो काढण्याचा स्मरणावर काय परिणाम होतो, याचा मानसशास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक अभ्यास केला आहे आणि त्याचे निष्कर्ष तुमच्याही बाजूचे आहेत, तिच्याही. लिंडा हेंकल यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कलासंग्रहालयात फिरणाऱ्या लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. मात्र ज्यांनी एखाद्या वस्तूच्या विशिष्ट भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला होता, त्यांच्या स्मरणात ही घट दिसली नाही. म्हणजे कॅमेऱ्यामागे लक्ष कुठे आहे, यावर बरेच अवलंबून असते. पुढे 2016 मध्ये क्रिस्टिन डील, गॅल झाउबरमन आणि ॲलिक्सँड्रा बराश यांनी दाखवले की अनेक प्रसंगांत फोटो काढल्याने माणसे त्या अनुभवात अधिक गुंततात आणि त्यांचा आनंद वाढतो. कॅमेरा हाताळणेच अडचणीचे होऊन बसले, तर मात्र हा लाभ उरत नाही.

या सगळ्यांत तुमच्या प्रसंगाला सर्वांत लागू पडणारा अभ्यास 2017 मधला आहे. बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित माहिती ऐकत प्रदर्शन पाहणाऱ्या लोकांचे दोन गट केले. ज्यांच्याकडे कॅमेरा होता आणि जे आपल्या इच्छेने फोटो काढत होते, त्यांना पाहिलेले जास्त आठवले आणि ऐकलेले कमी. चित्रप्रदर्शनात हा सौदा परवडेल. संगीताच्या कार्यक्रमात, जिथे माणूस मुळात ऐकायलाच आलेला असतो, तो बहुधा परवडणार नाही. प्रदर्शनातील निवेदन आणि रंगमंचावरचे गाणे यांत अंतर आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा कॉन्सर्टला लावू नये. तरीही डोळा फ्रेम सांभाळण्यात गुंतला की कान मागे पडतो, हे माझ्या मते गंभीरपणे घेण्यासारखे आहे. मुलीला काही सांगायचेच असेल, तर 'तुमची पिढी' अशी सुरुवात करण्यापेक्षा हे सांगा. त्यात तिच्यावर आरोप नाही, आणि तिला ते पुढच्या कार्यक्रमात स्वतःवर तपासून पाहता येईल.

आणखी एक गोष्ट तिच्याशी बोलण्यासारखी आहे. बराश आणि सहकाऱ्यांच्या 2018 मधील अभ्यासात असे दिसले की समाजमाध्यमांवर टाकण्याच्या हेतूने फोटो काढणाऱ्यांना स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणाऱ्यांपेक्षा त्या अनुभवाचा आनंद कमी मिळतो, कारण आपण इतरांना कसे दिसू, ही चिंता मध्ये येते. तुमची मुलगी क्लिप रात्री एकटीच पाहते, यावरून ती स्वतःसाठी चित्रीकरण करत असावी असा माझा कयास आहे, पण याचे उत्तर तिलाच ठाऊक असणार.

आता पिढीविषयी. संगीत साठवण्याची ओढ स्मार्टफोनबरोबर जन्माला आलेली नाही. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या बँडचे चाहते स्मार्टफोन अस्तित्वात नसताना टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोन घेऊन कार्यक्रमांना जात आणि ध्वनिमुद्रिते एकमेकांना देत असत. आज ते तुमच्यापेक्षाही वयाने मोठे असतील. त्यांच्या उंच मायक्रोफोनमुळे इतरांना अडचण होऊ लागली, तेव्हा 1984 मध्ये बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच नेमून दिली. त्या मुद्रितांचा व्यापार करायचा नाही, एवढी त्यांची अपेक्षा होती. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. तिथे कोणी कोणाच्या रसिकतेवर शंका घेतली नाही. अडचण काय आहे ते पाहिले आणि तिच्यापुरता मार्ग काढला. मुलीच्या फोनकडे तुम्ही याच नजरेने पाहिलेत, तर 'ही पिढी' हा शब्दप्रयोग तुम्हालाच अनावश्यक वाटू लागेल.

दुसऱ्या तक्रारीबाबत मी तुमच्या बाजूने आहे. अंधाऱ्या प्रेक्षागृहात डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि अशा वेळी डोक्याच्या उंचीवर पेटलेला चौकोन मागच्या कितीतरी लोकांची नजर, त्यांची इच्छा असो वा नसो, ओढून घेतो. उंच धरलेला फोन मागच्याच्या वाट्याचा रंगमंच अडवतो, आणि फोन धरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कलाकारांचाही यात प्रश्न आहे. पियानोवादक क्रिस्टियन झिमरमन 2013 मध्ये जर्मनीतील एसेन येथे वादन करत असताना कोणीतरी फोनवर चित्रीकरण करताना दिसल्यामुळे रंगमंच सोडून गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितले की यूट्यूबवर फिरणाऱ्या अशा चित्रीकरणांमुळे त्यांची ध्वनिमुद्रणाची कामे हातची गेली आहेत. आपल्या परवानगीविना आपली कला कोणी मुद्रित करू नये, हा कलाकाराचा हक्क 1961 च्या रोम करारापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला आहे. आपण दिलेले पैसे तेवढ्या वेळेपुरते ऐकण्याचे असतात. चित्रीकरणाची मुभा मिळते ती कलाकाराच्या किंवा आयोजकाच्या संमतीने.

तरीही त्या तरुणाला तुम्ही ज्या पद्धतीने बोललात ती पद्धत मला योग्य वाटत नाही, आणि त्याचे कारण केवळ सौजन्य हे नाही. त्या कार्यक्रमात चित्रीकरणाला मनाई होती का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. बहुधा तुम्ही ते पाहिलेही नसावे. नियम सर्वांना सारखाच ठाऊक नसेल, तर चांगल्या माणसांतही वाद होतात. 2024 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे गायक इयन बोस्ट्रिज यांनी समोर फोन दिसू लागल्यामुळे गाणे मध्येच थांबवले आणि फोन ठेवण्याची विनंती केली. पण त्यांच्या साथीला असलेल्या वाद्यवृंदाने प्रेक्षकांना फोटो आणि छोट्या क्लिप घेण्याची मुभा आधीच दिलेली होती आणि गायकाला ते माहीत नव्हते. प्रेक्षक चुकले, असे कसे म्हणावे? याउलट ब्रिटिश गायिका केट बुश यांनी 2014 मध्ये अनेक वर्षांनी लंडनमध्ये कार्यक्रम केले, तेव्हा फोन आणि कॅमेरे वापरू नयेत अशी विनंती कार्यक्रमांच्या आधीच जाहीरपणे केली होती. अमेरिकन रॉक गायक जॅक व्हाइट यांनी 2018 च्या दौऱ्यात प्रवेशद्वारापाशीच फोन कुलूपबंद पिशवीत ठेवण्याची व्यवस्था केली. ती पिशवी प्रेक्षकाजवळच राहते आणि गरज पडली तर बाहेर नेमलेल्या जागी उघडून मिळते. नियम आधी सांगितलेला असेल, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला दटावण्याची वेळच सहसा येत नाही.

शिवाय समोर दिसणारा प्रत्येक पडदा बेपर्वाईचा नसतो. मधुमेहाचे अनेक रुग्ण रक्तातील साखरेचे प्रमाण फोनवर पाहतात, श्रवणयंत्रे फोनवरून नियंत्रित केली जातात, आणि आजारी मुलाला घरी ठेवून आलेली आई अधूनमधून संदेश पाहते. हा तरुण त्यांतला नव्हता हे मान्य. पुढच्या वेळी मागून थाप मारण्याआधी मात्र ही शक्यता लक्षात ठेवावी.

एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या संध्याकाळचे वर्णन करताना तुम्ही मुलीचा फोन, त्या तरुणाचा फोन, त्याचे उत्तर, मुलीचे मौन हे सगळे बारकाईने लिहिले आहे. बँडने काय वाजवले, याचा एकही उल्लेख पत्रात नाही. फोनने मुलीचे लक्ष किती नेले हे मला सांगता येणार नाही, पण तुमचे बरेचसे नेलेले दिसते. त्यात दोष सर्वस्वी तुमचा नाही. पण दुसऱ्याच्या वागण्यावर पाळत ठेवत संगीत ऐकता येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आता पुढच्या महिन्याविषयी. मुलीशी बोलायचे ते कार्यक्रमाच्या काही दिवस आधी, घरी, निवांतपणे. प्रेक्षागृहात काढलेला विषय भांडणातच संपतो. आधी दोघांनी मिळून त्या कार्यक्रमाचे नियम पाहा. तिकिटावर किंवा आयोजकांच्या संकेतस्थळावर ते बहुधा दिलेले असतात. मनाई असेल तर प्रश्नच मिटला, कारण मग तो तुमचा हट्ट राहत नाही. मुभा असेल तर तिची अट मान्य करा आणि त्याबरोबर तुमची एक विनंती ठेवा: संपूर्ण कार्यक्रमाऐवजी तिने आधीच ठरवलेली एक-दोन गाणी चित्रित करावीत आणि उरलेला वेळ फोन खिशात असावा. ती गाणी कोणती, हे तिने निवडायचे, तुम्ही नाही. निवड करायला बसली की प्रत्येक गाणे तिला सारखेच हवे आहे का, हे तिचे तिलाच कळेल. आणि तिने पाच गाणी निवडली, तरी ते मान्य करा.

चित्रीकरण करायचेच असेल तर ते चांगले कसे करावे, हेही तिला सांगण्यासारखे आहे, आणि इथे तुमच्या अनेक वर्षांच्या श्रवणाचा तिला खरोखर उपयोग होईल. फोन चेहऱ्याच्या पातळीच्या वर नेऊ नये आणि पडद्याचा प्रकाश कमीत कमी ठेवावा. फ्लॅश बंद करावा. त्याचा उजेड काही मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे दूरच्या रंगमंचाचे चित्र त्याने सुधारत नाही, इतरांच्या डोळ्यांवर मात्र तो येतो. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात फोनचा छोटा मायक्रोफोन अनेकदा तो आवाज पेलू शकत नाही आणि खर्जातील वाद्यांचा आवाज फाटतो. त्यातच बोटाने मायक्रोफोनचे छिद्र झाकले गेले तर आणखीच बिघडते. सर्वांत जवळून मुद्रित होतो तो शेजाऱ्यांचा आणि आपला स्वतःचा आवाज. म्हणून लांबलचक चित्रीकरणापेक्षा छोटी क्लिप घेतलेली बरी. एखाद्या संथ, शांत गाण्यात तर फोन काढूच नये, कारण तिथे पडद्याची हालचालही फार खुपते.

फोन नुसता मूक करून भागत नाही, हेही दोघांनी लक्षात ठेवा. जानेवारी 2012 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद संगीतकार मालर यांच्या नवव्या सिंफनीच्या अखेरच्या, अतिशय हळुवार भागात असताना पुढच्या रांगेत एक आयफोन वाजत राहिला आणि संचालक ॲलन गिल्बर्ट यांना वादन थांबवावे लागले. त्या गृहस्थाने फोन मूक केलेला होता. वाजला तो गजर, आणि मूक केलेल्या फोनमध्येही गजर वाजतो हे त्याला ठाऊक नव्हते. आत शिरण्यापूर्वी गजर तपासा, आणि शक्य असेल तर फोन पूर्ण बंदच करा.

अशाच अनुभवातून गेलेल्या इतर वाचकांसाठीही एक-दोन गोष्टी सांगतो. पडद्यांचा फार त्रास होत असेल तर पहिल्या रांगेतील किंवा वरच्या गॅलरीच्या पुढच्या कठड्यालगतची जागा घ्यावी, कारण तिथे समोर फोन येण्याची शक्यता फार कमी असते. उभे राहून ऐकण्याचा कार्यक्रम असेल तर दोन पावले बाजूला सरकणे हा सर्वांत जलद उपाय आहे. बोलायचेच असेल तर दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत, फक्त त्या व्यक्तीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात आणि एकदाच बोलावे: 'फोन थोडा खाली धराल का? मागून दिसत नाही.' बहुतेक माणसे एवढ्यावर फोन खाली घेतात, कारण आपल्यामुळे मागे काय होते आहे याची त्यांना कल्पनाच नसते. नाही घेतला, तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगावे. नियम पाळून घेणे हे त्याचे काम आहे आणि त्याच्या सांगण्यात वैयक्तिक अपमान वाटत नाही.

आता तुमच्या मुलीची अट राहिली. इतर कुणालाही काही न बोलण्याचे वचन तिला द्या आणि ते पाळा, अगदी समोर फोन उभा राहिला तरी. तशी वेळ आलीच, तर तिलाच विचारा की जागा बदलायची का, की ती स्वतः त्यांना विनंती करेल. आणि हे सगळे बोलण्यापूर्वी त्या तरुणाशी तुम्ही ज्या शब्दांत बोललात त्याविषयी तिची क्षमा मागा. तिच्या अटीचा मोठा भाग मला वाटते त्याच प्रसंगातून आलेला आहे. क्षमा मागून झाल्यावर तिच्या फोनमधील एखादी क्लिप मागून घ्या आणि तिच्या शेजारी बसून, मध्ये काहीही न बोलता, शेवटपर्यंत ऐका.